विश्लेषण : केमो पुढे ढकलली म्हणजे आजार बळावला का? स्तन कर्करोगाच्या उपचारांत अडथळा आल्यावर काय करावे?

‘पांढऱ्या पेशी कमी आहेत, आज केमो देता येणार नाही, पुढच्या आठवड्यात या...’ पहाटेची एसटी धरून नळदुर्गहून सोलापूरला किंवा बार्शीला पोहोचलेल्या रुग्णाला हे ऐकावे लागले की परतीचा प्रवास जड होतो. दिवसाची मजुरी बुडालेली असते, सोबत आलेल्या मुलाची किंवा भावाची रजा वाया गेलेली असते. घरी पोहोचेपर्यंत ‘औषध लागू पडत नाही’ ही समजूत पक्की झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी एखाद्या वैदूचा पत्ताही आणून देते. स्तनाच्या कर्करोगाचे निदान लवकर झाले तरी उपचारांचा रस्ता सरळ नसतो. पण त्यातील बहुतेक अडथळ्यांचा अर्थ ‘आजार बळावला’ असा होत नाही. नुकसान अनेकदा त्यानंतर होते, म्हणजे घाबरून किंवा कंटाळून उपचार अर्धवट सोडल्यावर.

सुरुवातीच्या टप्प्यातील स्तन कर्करोग म्हणजे काय?

गाठ स्तनापुरती किंवा स्तन आणि काखेतील मोजक्या लसिका ग्रंथींपुरती मर्यादित असेल, तर तो साधारणपणे पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातील कर्करोग समजला जातो. यकृत, फुप्फुस, हाडे अशा दूरच्या अवयवांत तो पोहोचलेला नसतो. या टप्प्यावर उपचारांचे उद्दिष्ट रोग पूर्ण बरा करणे हेच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कर्करोग नोंदणी कार्यक्रमातील २०१२ ते २०१५ दरम्यान निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, गाठ स्तनापुरती मर्यादित असलेल्यांपैकी ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेपर्यंत किंवा आसपास पसरलेल्यांमध्ये हे प्रमाण ६५.५ टक्के, तर दूरच्या अवयवांत पसरलेल्यांमध्ये १८.३ टक्के होते.

मात्र या यशासाठी लागणारा काळ मोठा आहे. शस्त्रक्रिया, गरजेनुसार केमोथेरपीच्या चार ते आठ फेऱ्या, तीन ते पाच आठवडे रेडिएशन, ‘हर-टू’ पॉझिटिव्ह असेल तर साधारण वर्षभर इंजेक्शने आणि हार्मोनला प्रतिसाद देणारा कर्करोग असेल तर पाच ते दहा वर्षे गोळ्या. इतक्या लांबलचक उपचारांत कुठेच काही अडणार नाही, असे क्वचितच घडते.

केमोची फेरी पुढे का ढकलली जाते?

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी अशा असतात, तशाच हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही. त्यामुळे तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या केमोत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते आणि पुढच्या फेरीपर्यंत ती पुन्हा भरून येते. कुणाची लवकर भरते, कुणाची उशिरा. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पेशी ठरावीक पातळीच्या, सहसा १००० ते १५०० च्या, खाली असतील तर डॉक्टर फेरी पुढे ढकलतात. प्लेटलेट कमी असणे, यकृताची चाचणी बिघडणे, तोंडात फोड येणे, जुलाब न थांबणे हीसुद्धा कारणे असू शकतात.

आठवडाभराच्या विलंबाने फायदा संपतो का? मिलानमधील इटालियन डॉक्टरांनी स्तन कर्करोगाच्या रुग्णांचा २० वर्षे पाठपुरावा करून १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. ठरलेल्या मात्रेपैकी किमान ८५ टक्के केमो मिळालेल्या स्त्रियांना स्पष्ट फायदा झाला होता. ६५ टक्क्यांपेक्षा कमी मात्रा मिळालेल्यांची स्थिती केमो न घेतलेल्यांसारखीच होती. तेव्हाची औषधे वेगळी होती, पण ८५ टक्क्यांचा हा टप्पा डॉक्टर आजही डोळ्यांसमोर ठेवतात.

याचा हिशेब सोपा आहे. सहा फेऱ्यांचा १८ आठवड्यांचा उपचार एक आठवडा लांबून १९ आठवड्यांत पूर्ण झाला, तर उपचारांची तीव्रता सुमारे ९५ टक्के राहते. दोन आठवडे लांबला तरी ती ९० टक्के असते. सहापैकी एका फेरीत औषध पाव भागाने कमी केले, तरी एकूण मात्रा ९५ टक्क्यांच्या वर राहते. पण तिसऱ्या फेरीनंतर येणेच बंद केले, तर निम्माच उपचार होतो. पेशी पुन:पुन्हा कमी होत असतील तर त्या वाढवणारी इंजेक्शने देता येतात. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर किंवा कुठलाही काढा हा त्याला पर्याय नाही. अनेक केमो औषधांचा निचरा यकृतातून होतो आणि काही वनस्पतींचा भार त्याच यकृतावर पडतो. म्हणून घरगुती औषध सुरू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ताप आला तर थांबावे की निघावे?

उपचारांतील इतर बहुतेक अडथळे दोन दिवस थांबू शकतात. ताप थांबू शकत नाही. केमो सुरू असताना अंगात १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सियस) किंवा त्याहून जास्त ताप भरला, थंडी वाजून आली किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे झाले, तर ती तातडीची वेळ समजावी. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी पू, सूज, खोकला ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. ताप हीच एकमेव खूण असू शकते.

पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण गोळीने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो. नळदुर्ग महामार्गावर असल्यामुळे सोलापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून रात्री निघणे सोपे नसते. त्यामुळे तयारी आधीच हवी. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवावा. रुग्णालयाचा रात्रीचा फोन क्रमांक घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. रात्री कोणाची गाडी मिळेल, हे पहिल्या फेरीआधीच ठरवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागणार असेल तर जवळच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जावे आणि पहिलेच वाक्य ‘केमो सुरू आहे, शेवटची फेरी अमुक तारखेला झाली’ हे सांगावे. त्यामुळे रक्ततपासणी आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस लांबत नाही. केमो देणाऱ्या डॉक्टरांकडून अशा प्रसंगासाठी एक चिठ्ठी लिहून घेतली, तर स्थानिक डॉक्टरांचेही काम सोपे होते.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शस्त्रक्रिया सांगितली तर?

स्तन वाचवून फक्त गाठ काढली जाते, तेव्हा काढलेल्या भागाच्या कडांना शाई लावून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शाईच्या रेषेवर कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर कड ‘पॉझिटिव्ह’ ठरते आणि आणखी थोडा भाग, क्वचित पूर्ण स्तन काढावा लागतो. हे शल्यविशारदाच्या चुकीमुळेच होते असे नाही. डोळ्यांना आणि हाताला न जाणवणारा पसरावा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. इंग्लंडमध्ये ५५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर दर पाचांपैकी एकीला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती.

अहवाल बदलणे हा दुसरा धक्का. आधी ‘पहिला टप्पा’ सांगितलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात काखेतील दोन-तीन ग्रंथींत कर्करोग निघतो. ‘आठ दिवसांत पसरला’ असा त्याचा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात तो आधीपासून तिथे असतो, सोनोग्राफीत किंवा स्कॅनमध्ये दिसलेला नसतो. शस्त्रक्रियेमुळे किंवा बायोप्सीच्या सुईमुळे कर्करोग पसरतो हाही गैरसमजच. उलट अशा अहवालामुळे पुढचे उपचार नेमके ठरवता येतात.

तिसरा अडथळा जखमेचा. काखेजवळ पाणी साचणे, टाक्यांत संसर्ग होणे, खांदा आखडणे हे प्रकार बरेचदा दिसतात. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो. पाणी सुईने काढता येते, संसर्गावर औषधे आहेत आणि खांद्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करायचे असतात. लक्ष ठेवायचे ते दिवसांवर. कॅलिफोर्नियातील सुमारे २५ हजार रुग्णांच्या २०१६ मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर केमो सुरू व्हायला ९० दिवसांहून जास्त उशीर झालेल्या स्त्रियांचे प्रमाण वाचण्याच्या दृष्टीने प्रतिकूल दिसले. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात हा फरक अधिक ठळक होता. म्हणजे जखमेसाठी दोन-तीन आठवडे थांबणे परवडते, पण ‘लग्नसराई उरकू’, ‘सोयाबीन निघू दे’ म्हणत तीन महिने घालवणे परवडत नाही.

आधी केमो देऊनही गाठ पूर्ण विरघळली नाही तर?

काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच केमो देतात. त्यामुळे गाठ लहान होते आणि औषध किती लागू पडते हेही कळते. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागात कर्करोग उरलेला आढळला, तर ‘केमो वाया गेली’ असे रुग्णाला वाटते. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात तर गाठ पूर्ण न विरघळणे हे नेहमीचेच आहे आणि त्यात पुढे गोळ्यांचा मोठा आधार असतो.

इतर प्रकारांत गेल्या काही वर्षांत पुढची पायरी तयार झाली आहे. जपान आणि दक्षिण कोरियातील ‘क्रिएट-एक्स’ अभ्यासात (२०१७) केमोनंतरही कर्करोग उरलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबिन या गोळ्या दिल्या. रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण त्यामुळे कमी झाले. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ स्त्रियांना याचा जास्त लाभ झाला. ‘हर-टू’ पॉझिटिव्ह रुग्णांवरील ‘कॅथरिन’ अभ्यासात (२०१९) अशाच परिस्थितीत टी-डीएम-१ हे औषध दिल्यावर रोग उलटण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. हे औषध महाग आहे आणि प्रत्येकीला ते परवडेल असे नाही. तरीही उरलेल्या पेशींच्या अहवालानंतर ‘आता पुढे काय देता येईल?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

‘हर-टू’वरील ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनाने काहींच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते. म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी इको तपासणी करतात. ती घसरली तर इंजेक्शन काही आठवडे थांबवतात आणि हृदय सावरल्यावर बरेचदा पुन्हा सुरू करता येते. या थांबण्याचा अर्थ उपचार बंद झाला असा नाही.

रेडिएशनमध्ये खंड पडला तर?

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस द्यावे लागते. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी हीच सर्वांत मोठी अडचण. पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा दिले जाणारे रेडिएशन आता अनेक स्त्रियांना तीन आठवड्यांत १५ वेळांत देता येते. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांनी ही पद्धत तितकीच परिणामकारक ठरवली आहे. निवडक रुग्णांसाठी एका आठवड्यात पाच वेळा देण्याची पद्धतही २०२० मधील अभ्यासानंतर पुढे आली. आपल्याला कमी दिवसांचा पर्याय लागू पडतो का, हे उपचार सुरू होण्याआधीच विचारावे. शंभरेक किलोमीटरचा रोजचा फेरा कमी होण्याची ती संधी असते.

कातडी लाल होणे, सोलणे, काळवंडणे यामुळे काही जणी मध्येच थांबतात. काही वेळा यंत्र बंद पडते. काही वेळा तुळजापूरचे नवरात्र किंवा पौषातील खंडोबाची यात्रा आल्यामुळे घरचेच ‘चार दिवस राहू दे’ म्हणतात. एखादा दिवस चुकल्यास तो शेवटी किंवा सुटीच्या दिवशी भरून काढता येतो. ठरवून आठवडा चुकवणे मात्र टाळावे. ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही, त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे राहण्याच्या सोयीची चौकशी करावी.

पाच वर्षांच्या गोळ्या मध्येच का सुटतात?

हा अडथळा कुणाच्या लक्षात येत नाही. केस परत आलेले असतात, घरकाम आणि शेतकाम सुरू झालेले असते, आणि टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी मात्र रोज घ्यायची असते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घाम फुटतो, झोप लागत नाही. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात. ‘आता मी बरी आहे, मग गोळी कशाला?’ असे म्हणत ती बंद होते आणि डॉक्टरांना ते कळतही नाही.

या गोळीचे मोल आकड्यांत असे : हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तन कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास १५ वर्षांतील स्तन कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोच्या तुलनेत ही गोळी खूप स्वस्त आहे.

त्रास होत असेल तर गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते, सांधेदुखीला नियमित चालणे आणि व्यायामाने उतार पडतो, हाडांसाठी कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देता येते. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीची पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एका पायाला अचानक सूज येऊन दुखू लागले, तर लगेच तपासून घ्यावे. नैराश्यावरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. म्हणून नवे औषध सुरू करताना या गोळीचा उल्लेख करायला विसरू नये.

धाराशिव जिल्ह्याचा अनुभव काय सांगतो?

कर्करोगाच्या जागतिक संशोधनात या जिल्ह्यातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. याच रुग्णालयाने मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. एचपीव्हीची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढे जगभर वापरला गेला.

स्तन कर्करोगाबाबत असाच अभ्यास टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून २० वर्षे केला. दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. त्यामुळे गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

या दोन्ही अभ्यासांत तपासणीत काही आढळलेल्या स्त्रीला पुढील चाचणी आणि उपचारांपर्यंत नेण्याची व्यवस्था होती. गावातील ओळखीची, प्रशिक्षित स्त्री हा त्यातला महत्त्वाचा दुवा. नळदुर्गशेजारच्या अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, त्यामागेही हाच विचार आहे. उपचार सुरू असलेल्या स्त्रीसाठी आज ही भूमिका आशाताई बजावू शकतात. केमोच्या तारखा त्यांना सांगून ठेवल्या, तर फेरी चुकल्याचे घराबाहेरच्या एका व्यक्तीला तरी कळते.

पैसे संपले तर उपचार थांबवावे लागतात का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेतून प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा त्यात समावेश आहे. अडचण येते ती तपशिलात. योजनेतून मंजुरी आधी घ्यावी लागते, कागदपत्रांतील नावात फरक असेल तर ती अडते, आणि ठरलेल्या उपचारांत बदल झाला तर पुन्हा मंजुरी लागते. फेरी पुढे गेल्यावर किंवा तापामुळे दाखल व्हावे लागल्यावर तो खर्च योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला त्याच वेळी विचारावे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

उपचारांसाठी मुंबईला जावे लागले तर रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान आणि थर्ड एसी वर्गात पूर्ण सवलत आहे. सोबतच्या एका व्यक्तीलाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने भरून दिलेला ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा हेही पर्याय आहेत. पैशांची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितली, तर त्याच परिणामाचे स्वस्त औषध किंवा सरकारी केंद्रात उपचार वर्ग करणे, असा मार्ग अनेकदा निघतो. न सांगता येणे बंद केले, तर डॉक्टरांना काहीच करता येत नाही.

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे?

अडथळा आला की घरात दोष शोधणे सुरू होते. ‘तू नीट खात नाहीस’, ‘पथ्य मोडलेस’, ‘तुला आधीच सांगितले होते’. पेशी कमी होणे हा औषधाचा परिणाम आहे, रुग्णाच्या वागण्याचा नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. अशा वेळी तव्याचा चटका कळत नाही, रानात अनवाणी चालताना काटा टोचलेला जाणवत नाही. त्या काळात चूल आणि खुरपणी दुसऱ्या कुणी सांभाळणे हा उपचारांचाच भाग समजावा. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला घट्ट बांगड्या, जखमा आणि जड ओझे टाळावे. त्या हाताला सूज दिसली तर लवकर दाखवावे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे, ‘आता उपचार नकोत’ असे वाटणे याकडे हट्ट म्हणून पाहू नये. नैराश्यावरही उपचार आहेत. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

खरी धोक्याची लक्षणे कोणती?

प्रत्येक अडथळा किरकोळ असतो असेही नाही. केमो सुरू असताना गाठ वाढताना जाणवणे, शस्त्रक्रियेच्या जागी, काखेत किंवा मानेजवळ नवी गाठ येणे, एकाच जागचे हाडाचे दुखणे आठवडे-दोन आठवडे न थांबणे, धाप लागणे, कावीळ दिसणे, सतत डोके दुखून उलट्या होणे यापैकी काही असेल तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. कर्करोग त्याच स्तनात किंवा छातीच्या त्याच बाजूला उलटला, तरी पूर्ण बरे करण्याच्या उद्देशाने पुन्हा उपचार करता येतात. म्हणूनच पाठपुरावा महत्त्वाचा. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, सोबत दरवर्षी मॅमोग्राफी, असा सर्वसाधारण क्रम असतो.

अडथळा आल्यावर डॉक्टरांना काय विचारावे?

• हा औषधाचा परिणाम आहे, की आजारातील बदल?
• पुढची नेमकी तारीख कोणती आणि त्याआधी कोणती रक्ततपासणी गावातच करून आणावी?
• मात्रा किंवा औषध बदलले असेल तर का आणि किती?
• किती दिवसांपर्यंतचा उशीर चालेल?
• या काळात काय झाले तर लगेच यायचे आणि कोणाला फोन करायचा?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे. रक्ततपासणी आदल्या दिवशी गावात करून अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची सोय रुग्णालयाने दिली, तर मोकळा हेलपाटाही वाचतो. बायोप्सी, ‘ईआर-पीआर-हर-टू’चा अहवाल, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि प्रत्येक केमोची चिठ्ठी तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावावी आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्येही ठेवावेत. डॉक्टर बदलले, रुग्णालय बदलले किंवा रात्री ताप घेऊन अनोळखी दवाखान्यात जावे लागले, तर उपचार जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू करायला ही फाइल लागते.